एकोणचाळीस ठोकळे

(भर दुपार. खाडीला भरती लागलेली. छोट्या नावेत वल्ह्यांवर काका. समोर पुतणी, पाणी मोजणाऱ्या खात्यात कामाला.)

काका: चाळीस सोडलेस आणि समुद्राच्या तोंडाशी एकच मिळाला? बाकीचे काय माशांनी गिळले?

पुतणी: लाकडाचे ठोकळे कोण गिळतंय! काल ओहोटीला पुलाखाली सोडले. तुम्हीच म्हणता ना, पुलाखालचं सगळं समुद्रात जातं?

काका: जातंच. जन्म गेला माझा या पाण्यावर.

पुतणी: जात होतं. वर धरण झालं, दरवाजे बंद केले आणि नदीचा रेटाच संपला. आता भरती सगळं मागं लोटते. वरच्या विहिरी खाऱ्या झाल्या, काठची झाडं उभी वाळली, ती उगाच?

काका: दरवाजे कधी बंद केले गं?

पुतणी: दोन वर्षं झाली.

काका: महिना सांग.

पुतणी: तोच, काका. दादा पुलावरून पडला, त्याच्या आठ दिवस आधी.

काका: अकरा दिवस शोधलं माझ्या पोराला. पंधरा नावा. सगळ्या समुद्राकडे.

पुतणी: माहितेय मला.

काका: तुझी काकू अजून दाराला कडी लावू देत नाही. सापडला नाही म्हणजे गेला नाही, म्हणते. मी काय बोलणार?

पुतणी: म्हणून तर दुसरा नावाडी घेतला नाही. डावीकडे खारफुटीत ती चिंचोळी वाट शिरते ना? काल भरती लागली तसे ठोकळे तिकडे वळताना पुलावरून पाहिले मी.

काका: तिकडे नको.

पुतणी: का?

काका: तिथं पक्षी बसत नाही. बिळं आहेत, खेकडा नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो.

पुतणी: पाणी साचून सडलंय, दुसरं काय!

काका: ते तू सांगशील. आणि भरतीला त्या तोंडावरून जाताना नाव आपोआप आत वळते, ते? पहिल्यांदा सर्रकन काटा आला अंगावर. वाटलं, कुणीतरी दोरी धरून ओढतंय. दरवेळी जीव खाऊन वल्ही मारली आणि पळालो. कुणाला सांगितलं नाही. म्हातारा चळला म्हणाले असते.

पुतणी: तो प्रवाह होता, काका.

काका: दोन वर्षं मी त्याला पाठ दाखवून पळत होतो, पोरी.

पुतणी: असं नका ना बोलू. नुसते ठोकळेच असतील तिथे.

काका: तो बघ. पिवळा.

पुतणी: सतरा नंबर. मागे बावीस... अगंबाई, सगळेच! जागच्या जागी गोल फिरतायत.

काका: मोज.

पुतणी: ...सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. आणि ते... काका, ते माझं नाही.

काका: चप्पल आहे. डाव्या पायाची. तिचा अंगठा मी शिवला होता, जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं.

पुतणी: परत फिरू या. चार माणसं घेऊन येऊ.

काका: नको. आज घराला कडी लागू दे.

पुतणी: बरं. पण जरा हळू मारा वल्ही, भीती वाटतेय मला.

काका: वल्ही मी मघाशीच वर घेतलीत, पोरी.