ताईचे लाल डोळे

हे कुणाला सांगायचं नाही असं ताईने मला बजावलंय, तेव्हा तुम्हीही बोलू नका. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा रबाळ्याच्या कारखान्यात वेल्डर. आधी आपणच त्याला बघू, म्हणून शनिवारी ताई मला घेऊन तिथे गेली. तो फाटकावरच वेल्डिंग करत होता, पण तोंडापुढे काळी काच धरून. ती काच बाजूला होईल म्हणून ताई टक लावून उभी राहिली. कुणी ओळखीचं येतंय का, ते बघायला मी रस्त्याकडे तोंड करून.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. सकाळी डोळे लालभडक, पाणी थांबेना.

"डोळे आलेत तिचे," आई पाहुण्यांना म्हणाली.

मुलाने निरखून पाहिलं. "नाही मावशी. हे काचेशिवाय वेल्डिंग बघितल्याने होतं. एक-दोन दिवसांत उतरेल, पण तो उजेड नुसत्या डोळ्यांनी क्षणभरही बघू नये." मग ताईला विचारलं, "कुठे बघितलंत?"

बाबांनी कप खाली ठेवला. मी आईमागे सरकले.

ताई रुमालाआडून म्हणाली, "तुमच्याच फाटकावर. तुम्ही काच खाली घेतच नव्हता."

हे ऐकून बाबा ताडकन उठले आणि… थांबा, तोच हाक मारतोय. आले, आले भावोजी!