काढून ठेवलेला फ्यूज

(पंचवटीतलं गॅरेज. दारात पुढून चेपलेली गाडी.)

सावळीराम : दुपारी आरटीओचा साहेब गाडी तपासाया येतोय. त्याच्या आत त्यो फ्यूज परत बसव, कुंदन.

कुंदन : म्हणजे साहेब लिहून जाणार, ब्रेक ठीक, गाडी ठीक, पोरानंच ठोकली.

सावळीराम : लिहू दे.

कुंदन : तात्या, रविराज तुमचाच ना? सकाळी इथं येऊन ढसाढसा रडला. "ब्रेक दाबला, स्टेअरिंग पार फिरवलं, तरी गाडी सरळच गेली," म्हणाला. तिकडे शेजारी बसलेल्या बायकोचा, स्नेहलचा पाय कापावा लागला आणि सासरवाडीचे ह्याला दारुडा म्हणतायत. मी नुसतं पाणी दिलं त्याला.

सावळीराम : रस्त्यावर टोमॅटो सांडलेले. नुसता रेंदा. कुणाची बी गाडी घसरली असती.

कुंदन : घसरली असती, पण वळली असती. चाक जाम व्हायला लागलं की त्या फ्यूजवर चालणारी सिस्टीम ब्रेक सोडते-धरते, सोडते-धरते. म्हणून स्टेअरिंग ऐकतं. तेच तुम्ही बंद करायला लावलंत.

सावळीराम : म्या ब्रेकचं कुठं म्हणलं? मळ्याच्या चिखलात रेस दिली की गाडी गप पडायची, तेवढं काढ म्हणलं.

कुंदन : चिखलात चाक गरगरलं की तीच सिस्टीम रेस तोडते, त्या चाकाला ब्रेक लावते. पळताना काय, थांबताना काय, चाकाची पकड सुटू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. दोन्हीकडं सेन्सर तेच, कंट्रोलचा डबा तोच, फ्यूजही एकच. बटण दाखवलं होतं की तुम्हाला! चिखलात दाबा, डांबरीवर आलात की परत चालू करा.

सावळीराम : दर बारीला कोण दाबत बसंल? आन् तू एवढा शहाणा, तर काढलास कशाला? वर फ्यूज काढल्याचा पिवळा दिवा पेटला, त्याच्यावर काळी पट्टी बी तूच चिकटवलीस.

कुंदन : चिकटवली. जुनं गिऱ्हाईक, तुम्ही डोळे वटारले आणि मी शेपूट घातली. लाज वाटते आता. म्हणून तर म्हणतोय, साहेबाला खरं सांगू. गॅरेज बंद पडलं तर पडलं.

सावळीराम : तुझं गॅरेज जाईल. माझं काय जाईल, ते कळतंय का तुला?

कुंदन : निदान रविराजला तरी सांगा. पोरगा आतल्या आत स्वतःला खातोय.

सावळीराम : त्याला? स्नेहल त्याला आज ना उद्या माफ करंल, बायकू हाय ती. पण त्यो मला जल्मात करायचा नाय.

कुंदन : म्हणून त्याला जन्मभर गुन्हेगार ठेवणार? बाप आहात की वैरी?

सावळीराम : बापच हाय. म्हातारपणी त्याच्याच दारात बसायचंय मला.

कुंदन : मी हात लावणार नाही, तात्या.

सावळीराम : नको लावू. कुठं बसवायचा, तेवढं दाव.