घरात राहणाऱ्यांस

(इंग्लंडातल्या लँकशरमधलं एक बैठं घर, सकाळची वेळ. मॅवीस ऑर्मरॉड आणि तिचा मुलगा कीथ स्वयंपाकघरात.)

मॅवीस: चहा ठेव खाली आणि वाच. मोठ्यानं वाच.

कीथ: 'कर्जाचे हप्ते थकल्यामुळे घराचा ताबा... कोर्टात सुनावणी गुरुवारी...' हे... हे कुठं सापडलं तुला?

मॅवीस: दारातून आलं. वर नाव नाही, नुसतं 'घरात राहणाऱ्यांस'. बिननावाची पत्रं म्हणजे पिझ्झावाल्यांच्या नि खिडक्या विकणाऱ्यांच्या जाहिराती, न बघता फाडत जा, हे तूच शिकवलंस ना? मीही मेली शहाणी, ईस्टरपासून फाडतेय! हे पाकीट जाड दिसलं, घेवड्याच्या बिया ठेवायला बरं, म्हणून उघडलं.

कीथ: आई, मी सांगणारच होतो.

मॅवीस: कधी? कोर्टाची माणसं दार वाजवायला आल्यावर?

कीथ: ज्यासाठी कर्ज काढलं ते माझं दुकान सावरलं असतं, तर तुला कळायचीही वेळ आली नसती.

मॅवीस: वा रे वा! माझं राहतं घर गहाण टाकायचं, आणि वर हे ऐकवायचं?

कीथ: कागदोपत्री घर माझ्या नावावर आहे.

मॅवीस: का आहे, ते सांग की! घर घेताना कमी पडले तेवढे पैसे माझ्या वयाला कुठली बँक देईना, म्हणून. तुझ्या बाबांचं घर विकून पै न् पै यात घातली मी.

कीथ: म्हणूनच तुझा हक्क होता. म्हणून तर बँकेनं कर्ज देताना तुझी सही मागितली.

मॅवीस: कसली सही?

कीथ: दोन वर्षांपूर्वी. याच टेबलावर केलीस.

मॅवीस: ती? इथं कोण राहतं त्याची नोंद म्हणाला होतास! माझे हात पिठात होते.

कीथ: त्यात लिहिलेलं... बँकेचा हक्क आधी, तुझा मागून. हप्ते थकले तर तू आडवी येणार नाहीस.

मॅवीस: अरे देवा.

कीथ: आपल्या वकिलाला विचारून मगच सही करा, असंही होतं खाली.

मॅवीस: मला काय दिसणार ते? "चष्मा राहू दे गं, इथं कर," म्हणालास. पोटच्या पोरावर विश्वास टाकला, डोळे मिटून.

कीथ: चुकलो, आई. पण गुरुवारी न्यायाधीशांनी विचारलं तर म्हण, सगळं समजून केली सही. नाहीतर माझ्यावर फसवणुकीची केस होईल.

मॅवीस: आणि खरं सांगितलं तर? लायब्ररीत मोफत सल्ला देतात, त्या बाईंना काल दाखवलं हे पत्र. त्यांनी विचारलं, सही करताना कोणी समजावलं होतं का? मी म्हटलं, मला कुठली सही आठवतच नाही. त्या म्हणाल्या, फसवून घेतली असेल तर तुमचा वाटा कदाचित वाचेल. मी त्यांच्यावर चिडले. माझा मुलगा असलं करणार नाही, म्हटलं.

कीथ: आई...

मॅवीस: बँकेचा राग नाही मला. ती कुठं माझ्या पोटी आली होती!

कीथ: मी बेघर करणार नाही गं तुला. गुरुवारी गाडी काढतो, बरोबरच जाऊ. वाटेत ठरवू काय बोलायचं ते.

मॅवीस: नको. नऊ वीसची बस आहे. तू तुझा ये.