लेकाचा अंगठा

शिरूरच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी अजून लागली नव्हती. थकलेली अनिता मोबाइल चाळत बसली होती. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“भागू, तुझा भाकरीचा व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला म्हनं.”

“व्हय, नातीनं टाकला. हात भाजलेला बघून परक्या बाया लिवत्यात, आई, मलम लावा.”

“आन् पुन्याचा लेक?”

“त्यानं अंगठा पाठवला.”

“आईला अंगठा दाखवला?”

“तसा न्हाई गं. आवडलं म्हंजी अंगठा, नात सांगती.”

“हात कसा हाय, इचारलं का?”

“करील फोन. कामात आसतोय.”

“कवा भाजलं हुतं?”

“गौरी-गणपतीत.”

“आता संक्रांत आली.”

अनितानं मोबाइल बाजूला ठेवला. “मावशी, बघू हात.”

“बरा झालाय आता,” म्हणत भागुबाईनं तो पदराखाली घेतला.