नवरा-बायकोच वाटतात

हो, बायको. माझीच. — दचकू नका साहेब, सगळेच दचकतात. तुम्ही ते पत्रक उघडलंत, पहिल्याच पानावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, वा, काय जोडी शोधलीय हॉटेलनं, म्हणून सांगावं लागलं. जोडी-बिडी काही नाही ती. बाई माझी बायको, रिसेप्शनवर असते. आणि तो तिच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे ना, पांढऱ्या झग्यातला, केस मागे वळवलेला — तो आमचा केकवाला. हो, हो, केक करतो. स्वतःला शेफ म्हणवतो, म्हणवू दे बापडा, पण सकाळपासून अंडी फेटणाऱ्याला आम्ही तरी केकवालाच म्हणतो. आता उद्या तुम्ही नवे फोटो काढणार, तेव्हा म्हटलं, तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. मला काय त्याचं? मी आपला ड्रायव्हर, स्टेशनवरून माणसं उचलायची आणि हॉटेलात सोडायची. जळतोय-बिळतोय असं मनात आणू नका हं. जळायचं काय त्यात?

त्याचं असं झालं — मॅनेजर आमचा चिक्कू. बाहेरून मॉडेल कशाला आणायचे, घरचीच माणसं उभी करा, म्हणाला. आणि आधी कुणाला उभं केलं असेल, सांगा बघू? मला! हॉटेलात सख्खे नवरा-बायको कामाला असे आम्ही दोघंच. मी दाढी घोटून आलो. आंघोळीनंतरचा तो मऊ पांढरा झगा मला घातला, तसाच तिला, आणि वरच्या गच्चीवर उभं केलं — मागं तळं, हातात उंच ग्लास, ग्लासात नुसतं पाणी. फोटोवाला म्हणाला, जवळ या. आलो. म्हणाला, खांद्यावर हात ठेवा. ठेवला. आता साहेब, तुम्हाला वाटेल हात ठेवणं यात काय मोठं, पण एवढ्या वर्षांच्या संसारात मी कपाटं हलवलीत, पाण्याच्या टाक्या चढवल्यात, ती आजारी होती तेव्हा तिला उचलून जिना उतरलोय — पण असं उभ्याउभ्या, चारचौघांत, काही काम नसताना नुसताच खांद्यावर हात? कधी ठेवलाच नव्हता. ठेवला तर कळेना, त्याचं पुढं करायचं काय. दाबायचा? नुसता ठेवायचा? बोटं कुठं न्यायची? असून अडचण, नसून खोळंबा. आणि ही हळूच म्हणते, अहो, हात काढा, जड होतोय. फोटोवाल्यानं दोन-तीनदा खटखट केलं, कॅमेरा खाली घेतला आणि मॅनेजरकडं वळून — आमच्यादेखत हं — म्हणाला, ‘नाही जमत. हे नवरा-बायकोच वाटतात. मला कपल पाहिजे.’

हसा, हसा. तेव्हाही सगळे हसले होते. मीही दात काढले, करतो काय? आणि तेवढ्यात हा शहाणा केकचा ट्रे घेऊन वर आला, फोटोत ठेवायला. फोटोवाल्यानं त्याला खालून वर बघितलं आणि झालं, नशीब फळफळलं त्याचं. माझ्या अंगातला झगा काढून त्याच्या अंगात घातला साहेब, अजून गरम असेल तो. आणि मला काय दिलं? तो चंदेरी तक्ता असतो ना तुमचा, उजेड परतवायचा, तो. म्हणाले, तुमचे हात बळकट आहेत, धरा वर. म्हणजे बघा — माझ्या बायकोवर आणि त्या केकवाल्यावर मी, माझ्या दोन हातांनी, उजेड पाडला. चांगला पाडला. चेहरे कसे उजळलेत बघा ना. त्यात कुठं कसर केली नाही मी.

आणि तेव्हापासून हे पत्रक माझ्याच गाडीत, सीटच्या खिशात. शुक्रवारी जोडपी येतात, मागच्या सीटवर दोघं एकाच्या जागेत बसतात — रविवारी परत जाताना मध्ये बॅग असते, ते सोडा — पण शुक्रवारी, काय ते लाड! हे पत्रक उघडतात आणि मला ऐकू येईल असं बोलतात. अय्या, किती गोड आहेत ना हे दोघं. बघ, तो तिला कसा जपतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपण असे राहू का रे? मी इकडं स्टिअरिंग धरून. काय सांगणार त्यांना? की बाई, तो जपतो ते क्रीम जपतो, आणि ती घरी गेली की माझे मोजे शोधून देते? एकदा एका बाईनं रिसेप्शनवर तिला ओळखलं, म्हणाली, तुम्हीच ना त्या फोटोतल्या? मिस्टर कुठे आहेत तुमचे? मी त्याच बाईची बॅग घेऊन मागं उभा! आणि ही म्हणते — हसत म्हणते — आत किचनमध्ये आहेत. मी घरी येऊन विचारलं, तर म्हणते, अहो, मॅनेजरनंच सांगितलंय तसं सांगायला, पाहुण्यांचा विरस करू नका म्हणून. विरस! माझा झाला त्याचं काय?

मी आधी बोललो नाही, पण आता तुम्ही बघताच आहात तर नीट बघा. डाव्या गालावर. खळी दिसतेय? ती खळी, साहेब, अशी कुणाला दिसत नाही. हसायला जरा जास्त आलं, आवरेना झालं, तरच पडते. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत पंखा बसवत होतो आणि तो माझ्या डोक्यावर आला होता. किती जपून ठेवली होती मी ती, आणि आता गावभर वाटली जातेय, येणाऱ्याजाणाऱ्याला, फुकट. आणि त्याचं तोंड बघा, अगदी तिच्या कानाशी. मग मी विचारणार नाही का, काय बोलला तो कानात, एवढं हसायला? महिनाभर विचारत होतो. ती म्हणते, तो कशाला काय बोलेल, त्याला शिंक येत होती. मग हसलीस का? तर म्हणते, तुमच्याकडं बघून. तो तक्ता डोक्यावर धरून असे काही उभे होतात तुम्ही. — घ्या! म्हणजे त्याच्या खांद्याला टेकून मला हसायचं. बघा, तुम्हीही तेच म्हणताय, की मग तुमच्यासाठीच हसली. अहो, माझ्यासाठी आणि मला, यात फरक आहे की नाही? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे घरी जेवलो नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. उद्याच्या फोटोत तिला घेऊ नका. — नाही, ऐका तर, तुमच्या भल्याचं सांगतोय. हा फोटो जुना आहे. आता ती तशी राहिली नाही. डोळ्यांखाली काळं आलंय, दिवसभर उभं राहून पाय सुजतात, आणि कडेनं बघितलंत तर हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. मी नवरा आहे, मी रोज बघतो, माझ्यापेक्षा तुम्हाला कोण खरं सांगणार? ती आठवडाभर तयारी करतेय, ते वेगळं. केस कापून आली. रात्री तोंडाला काहीतरी पांढरं फासून बसते, बोलायला गेलं तर हातानं खूण करते, थांबा म्हणून. गुणगुणते. कुणासाठी? सांगा ना, कुणासाठी? माझ्यासाठी कोण गुणगुणणार? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर दूधच दुसऱ्यांदा समोर येताना बघतोय. परवा दोघं किचनच्या दाराशी कुजबुजत होती, मी गेल्यावर गप्प. तिनं हसू दाबलं आणि तो म्हणाला, काय दादा, उद्या-परवा मजा आहे! दादा म्हणाला मला. नकोच ते. तुम्ही एक तरुण मुलगी घ्या, मसाजच्या खोलीत आहे एक, चवळीची शेंग, आणि मग उभा करा तिच्याबरोबर त्या केकवाल्याला, नाहीतर त्याच्या ओव्हनला उभं करा, मला काय!

पटलं ना? बघा, तुम्ही कलाकार माणूस, तुम्हाला पटणारच. हो, करा ना फोन मॅनेजरला, आत्ताच करा, तिथं गेल्यावर उगाच चर्चा. पुढच्या वळणानंतर रेंज जाते. मी गप्प बसतो.

— झालं? काय म्हणाला? लगेच हो म्हणाला? काहीच कुरकुर नाही? म्हणजे त्याच्याही मनात होतंच म्हणायचं. तरुणच चेहरा पाहिजे, हे बरं बोललात, ठासून बोललात. आणि ते डोळ्यांखालचं काळं — ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. नाही, चुकलं असं नाही. मीच म्हणालो होतो. पण तुम्ही म्हणालात म्हणजे वेगळं होतं ना. तशी ती वाईट नाही दिसत. थकते, एवढंच. माझं नाव नाही घेतलंत ना? नाही, मी ऐकत होतो, नाही घेतलंत. रागावेल दोन दिवस, मग विसरेल. रडायची नाही. रडली तरी न्हाणीघरात नळ सोडून रडते, आपल्याला कळत नाही.

काय? हात? कुठं आहे माझा हात? — हां, हा होय. सवय लागलीय. शेजारची सीट रिकामी असली की तिच्या पाठीवर जातो आपोआप. आपोआप म्हणजे… आता तुमच्यापासून काय लपवायचं, रस्ता संपतच आलाय. सराव करतो. हलका कसा ठेवायचा याचा. बघा, मनगट सैल सोडायचं, भार सगळा खांद्यावर घ्यायचा आपल्याच, आणि बोटं नुसती टेकवायची, म्हणजे खाली कुणी असेल तर त्याला कळेल आहे, पण जड नाही होणार. परत फोटोत उभं राहायचं म्हणून नाही हो! मला कोण उभं करतंय? त्या दिवसानंतर मी तिच्या खांद्याला हातच लावला नाही, साहेब. गर्दीतसुद्धा नाही. जड होतो म्हणाली ना. आता म्हटलं, जमायला लागलं की एखाद दिवशी, घरीच, ती टीव्ही बघत असताना… जाऊ दे. तुम्ही काय ऐकत बसलाय! ते बघा, आलं हॉटेल.

आणि त्या आमच्या बाईसाहेब, पायऱ्यांवर. तुम्हाला घ्यायला आल्यात. केस छान कापलेत ना? निळा ड्रेस आजच घातला, उद्यापर्यंत दम नाही. हातात काय आहे तिच्या? हँगर. कोट दिसतोय, पुरुषाचा — बघा! बघा साहेब, मी काय सांगत होतो! आता त्याचे कपडेसुद्धा हीच सांभाळायला लागली. इस्त्री करून, चारचौघांत, दोन्ही हातांत धरून, जरा म्हणून लाज… थांबा. तपकिरी आहे. तो कोट… अहो, तो माझा आहे. भाचीच्या लग्नात शिवलेला, कपाटात अगदी तळाशी होता, बटण तुटलेला. बटण लावलंय. — साहेब, तो फोन. तो परत लावता येतो का? म्हणावं, चुकून बोललो, म्हणावं, ऐनवेळी विचार बदलला, तुम्ही कलाकार माणूस, तुमचं ऐकतील — नको, आता नको, खिशात ठेवा, ती आलीच —

अगं, हो, हो, हेच ते फोटोवाले साहेब. आणलं वेळेवर. — कोट कशाला? उद्या? मी? — मॅनेजरला सांगितलंस? कधी? आमच्या ह्यांना बरोबर घेत असाल तरच उभी राहीन, असं म्हणालीस? आणि केकवाला? — तोच म्हणाला, दादांना आधी सांगू नका, गंमत जाईल म्हणून? — हो, हो, होईल मला, बरोबर होईल, घालून कशाला बघायला पाहिजे. — काय? मॅनेजरनं आत बोलावलंय तुला? आत्ताच? कशाला ते मला काय माहीत? जा, बघून ये. नाही गं, कुठं काय झालंय, उन्हातून आलोय म्हणून दिसत असेल तसं. मी? मी काय बोलणार यांच्याशी? सगळा रस्ता गप्पच तर होतो. विचार ना त्यांना.