उंच जीप अन् अर्धे कॅन

— न्हाई न्हाई, मोजायला टेप कशाला काढता साहेब, मीच सांगते, उंच केली हाय. लपवायचं काय त्यात, समोर उभी हाय की. केशरबाईची जीप उंच हाय हे चौसाळ्यापस्तोर कोनालाबी इचारा. तुमी आरटीओ हापिसातून एवढ्या उन्हात आलात, बसा, च्या घ्या — दूध आमच्याच संस्थेचं हाय, पानी घातलेलं न्हाई.

कावून उंच केली? आता बघा — तळ्यापलीकडं दोन वस्त्या. तिकडचं दूध सडकेनं फिरून यायचं, तवर उन्हानं नासायचं. औंदा तळं आटलं, तर तळ्याच्या पोटातूनच वाट पडली. पर लोकायनी गाळ उपसून उपसून तिथं गुडघाभर खड्डे केलेत. जीपचं बूड घासायचं. मंग नेली राधाकिशन मिस्त्रीकडं. त्यो म्हनला, मावशी, तीन वाटा हायत — स्प्रिंगच्या पाट्यांच्या जुडग्यात एक पाटा वाढवा, न्हाईतर पाट्याच्या टोकाचे शॅकल, म्हंजी कड्या, लांब टाका, न्हाईतर बॉडी अन् खालच्या चेसीच्या सांगाड्याच्या मधी ठोकळे बसवा. मी म्हनले, ठोकळे नगं, बाकीचं दोन्ही कर, अन् टायर टाक मोठे. ब्रेक उशिरा लागंल म्हनला. लागू दे म्हनले.

कायदा? कायदा इचारूनच केलं की — बीडला तुमच्याच हापिसात गेलते. खिडकीतला मानूस म्हनला, कंपनीनं जो आकार दिला त्योच टायर. गाडीत असला बदल करायचा तर आधी परवानगी, नसता आरसी जाईल अन् इम्याचा बी भरोसा न्हाई. बरं, म्हनले, मंग द्या परवानगी. तर म्हनला, असल्याला मिळत न्हाई बाई. मंग घरी आले अन् केली. तुमचा कायदा डांबरी सडकेचा, साहेब. तळ्यात सडक हाय का तुमची? मंग.

अन् तक्रार कोनी केली ते बी ठावं हाय मला. अर्जुनराव. त्याची दुधाची संस्था आमच्यासमोर, त्याला आमचे पलीकडचे सभासद पायजेत. माझी जीप आज बंद पडली का उद्या त्याचा टेम्पो वस्तीच्या तोंडाला उभा, अन् भाव त्याच्या मनाचा. ह्या दुष्काळात अर्ध्या गावानं जनावरं इकली. वस्तीवरच्या बायांनी न्हाई इकली. कावून? तर पहाटं केशरबाई येती म्हनून.

धोका? कसला धोका बे — म्हंजी, साहेब. मी सोता चालविते. आमचे मालक म्हनतेत उतरवून घे, उतरवून घे. मी ऐकत न्हाई म्हनल्यावर आता रोज संगं येतेत. मागं कॅनापाशी, चढाच्या अंगाला बसतेत — म्हनतेत, इकडून वजन पायजे. वाळल्या लाकडासारखा मानूस, त्यांच्या वजनानं जीप थांबती व्हय? पर बसतेत.

त्यांचा हात? तो शेळीनं पाडलं म्हनून मोडला. शेळीनं. गावात इचारा, सगळे हेच सांगतीन.

तळ्याच्या सांडव्याच्या वळनावर कॅन सरकले? न्हाई, कॅन बांधलेले होते, दोरीनं गच्च. दूध सरकलं. काठोकाठ भरला कॅन गपगार ऱ्हातो, अन् औंदा एकबी भरत न्हाई, सगळे अर्धेमुर्धे. एकात वतावं म्हनता? कसं वतनार — ज्या वस्तीचं दूध त्या वस्तीच्याच कॅनात, फॅट वायली लागती, तिच्यावर भाव, बायांना शब्द दिलाय मी. तर वळनाला सगळं दूध एकदम त्यांच्याच अंगाला गेलं, वर गाडी उंच — कलंडली न्हाई, टेकली नुसती. सांडव्याच्या भिताडाला टेकली. मधी त्यांचा हात आला.

थांबा.

सांडव्याचं तुमाला कोनी सांगितलं? अर्जुनरावाला ठावं न्हाई. राधाकिशनला बी मी सांगितलं न्हाई. शेळीचं नाव आमीच पुढं केलतं. तिथं पहाटं आमी दोघंच होतो, साहेब. दोघंच.

नगा सांगू. तुमी खाली बघितलं, तिथंच कळलं.

ते बघा, गोठ्याच्या दारात उभे हायत, हात गळ्यात अडकवून. माझ्याकडं बघंनात. एवढं लांब बीडला गेले, माझी तक्रार केली, अन् माघारी येऊन आज पहाटं परत गाडीत बसले — चढाच्या अंगाला.

घ्या ही किल्ली. न्या गाडी, काय कागद करायचे ते करा. पर अर्जुनरावाच्या टेम्पोत माझ्या बायांचं दूध जानार न्हाई, हे ध्यानात ठिवा. उद्या पहाटं मी चालत जाईन कॅन आनायला. अन् हे येतील मागून, चांगल्या हातानं कॅनाची एक कडी धरायला. मला ठावं हाय.

च्या निवला तुमचा. ऱ्हाऊ द्या. जावा आता साहेब, मला त्यांच्यासंगं बोलायचंय.