गुंडाप्पा आजोबांचा एक्स-रे

क्रिकेटच्या गप्पा चालल्यात म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. एकदा गडहिंग्लजहून नव्वदीचे गुंडाप्पा आजोबा आले. घसरून पडले होते आणि उजवं मनगट सुजलं होतं.

मी फिल्म धुतली आणि बघतच राहिलो. मनगट नुसतं तडकलं होतं, पण चार बोटं कधीकाळी ठिकठिकाणी मोडून वाकडीतिकडी जुळली होती.

फिल्म बघून डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, हात उसाच्या चरकात सापडला होता का?"

"न्हाय. किपर हुतो मी. गोऱ्यांच्या टीमशी खेळलेला आमच्या भागातला पयला गडी."

"आणि ग्लोव्ज?"

"हुतं की. पण पार चिंध्या झालेलं."

"मॅचमध्येच बोट मोडलं तर?"

"शेजारच्या बोटाला बांधायचो. मॅच तीन दिवसांची असायची, डाक्टर."

डॉक्टर स्वतः कॉलेजच्या टीमचे किपर होते. ते खुर्चीतून उठले, आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चाचपत अंगठ्यापाशी आले.

"हा तेवढा शाबूत राहिला, बरं झालं."

आजोबांचं तोंड एकदम पडलं. गोऱ्यांशी झालेल्या त्या मॅचला साठ वर्षं होऊन गेली असतील.

"कशाचं बरं," ते म्हणाले. "एक गोरा साहेब नुकताच बॅटिंगला आलता. बॉल अंगठ्याला नुसता घासून गेला. कॅच सुटला माझ्या हातनं."